'आय बेग टू स्टेट दॅट...' मग पुढे काय?



निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली, तरी आठवड्यातून दोन दिवस मी शाळेत येते आणि इंग्रजीत मागे पडलेल्या मुलांना शिकवते, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक आहे. गेल्या पावसाळ्यात एके दिवशी आठवीच्या वर्गशिक्षिकेच्या टेबलावर रजेच्या अर्जांचा गठ्ठा पडलेला होता. जुन्या सवयीने मी तो चाळला. अकरा अर्ज होते. अकराही इंग्रजीत होते आणि सगळ्यांचे पहिले वाक्य एकच होते: 'विथ ड्यू रिस्पेक्ट आय बेग टू स्टेट दॅट आय अ‍ॅम सफरिंग फ्रॉम फीव्हर.' शेवटही एकच: 'युवर्स ओबीडियंटली.' फक्त नाव आणि तारीख वेगळी.

त्या अकरांतला एक मुलगा त्याच दिवशी माझ्यापुढे शिकायला बसला होता. मी त्याला विचारले, "काय रे, 'बेग' म्हणजे काय?"

"भीक मागणे, बाई."

"मग तू मुख्याध्यापकांकडे भीक मागत होतास की काय?"

तो हसला. "नाही बाई, तसंच लिहायचं असतं."

"आणि ताप किती होता?"

"ताप नव्हता बाई. नांदेडला मावशीचं लग्न होतं."

मुलगा खोटारडा नाही. मावशीच्या लग्नासाठी रजा मागायला त्याला मुळीच संकोच वाटला नसता. पण व्याकरणाच्या पुस्तकाच्या मागे जो नमुना अर्ज छापलेला असतो, त्यात ताप आहे. मावशी नाही, लग्न नाही आणि नांदेडही नाही. म्हणून त्याने ताप लिहिला. 'तसंच लिहायचं असतं' हे त्याचे उत्तर मात्र मला आजतागायत टोचते आहे. संपादकांनी या अंकासाठी काही लिहा म्हटले, तेव्हा याच विषयावर लिहायचे ठरवले.

प्रथम त्या वाक्प्रयोगाला न्याय देऊ. 'आय बेग टू स्टेट' हा इंग्रजीतला एक जुना, औपचारिक शिष्टाचार आहे. यातला 'बेग' भिकेचा नाही, परवानगीचा आहे. 'मला सांगण्याची अनुमती असावी' एवढाच त्याचा अर्थ. इंग्लंडच्या पार्लमेंटात एखादा सभासद ठराव मांडताना आजही 'आय बेग टू मूव्ह' असे म्हणतो. तो काही हात पसरून उभा नसतो, उलट हक्काने ठराव मांडत असतो. मतभेद सांगताना 'आय बेग टू डिफर' म्हणतात. धक्का लागला किंवा बोलणे ऐकू आले नाही, तर 'आय बेग युवर पार्डन' म्हणतात. एकोणिसाव्या शतकातले इंग्रज व्यापारी आपल्या पत्रांत 'वुई बेग टू अ‍ॅक्नॉलेज' असे सर्रास लिहीत, आणि उधारी थकली की तितक्याच नम्रपणे 'वुई बेग टू रिमाइंड यू' असेही लिहीत. म्हणजे घेणेकरी 'बेग' आणि देणेकरीही 'बेग'! शेवटचे 'ओबीडियंट सर्व्हंट' तसेच. इंग्रज अधिकारी बरोबरीच्या अधिकाऱ्यालाही पत्राच्या शेवटी स्वतःला त्याचा 'आज्ञाधारक सेवक' म्हणवून घेत. ती सेवकाची कबुली नव्हे, पत्राचा पोशाख होता.

आपल्याकडे असा पोशाख नव्हता असे थोडेच आहे? जुनी मोडी पत्रे पाहावीत. वडीलधाऱ्यांना वा धन्याला लिहायचे तर 'विज्ञापना ऐसीजे', बरोबरीच्याला 'विनंती विशेष', आणि वरून खाली लिहायचे तर 'आज्ञा केली ऐसीजे'. मायन्यावरूनच लिहिणाऱ्याची आणि वाचणाऱ्याची पायरी कळे. पण त्या पत्रांत एक गोष्ट फार चांगली होती. नमस्कार झाला, येथील कुशल कळवून झाले, आपले कुशल लिहीत जावे असे म्हणून झाले, की 'विशेष' हा शब्द येई. 'विशेष' आला की वाचणारा सावरून बसे, कारण आता खरा मजकूर सुरू होणार हे त्याला ठाऊक असे. कोण कोठे पोचले, किती घोडी आहेत, किती पैका हवा, पाऊस झाला की नाही, हे सगळे 'विशेष'च्या पुढे. मायना कितीही लांब असला, तरी मजकुराची जागा कोणी खात नसे.

हैदराबादेतल्या आपल्या मराठी घरांना तिसराही एक पोशाख माहीत आहे, तो उर्दूचा. आमचे अण्णा उर्दू माध्यमात शिकले. उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली निघाले ते उर्दू माध्यमाचेच, हे आजच्या मुलांना सांगितले तर नवल वाटते. अण्णांच्या पिढीतले आपले कितीतरी लोक घरी मराठी बोलत, बाजारात दखनी आणि तेलुगू बोलत, आणि कचेरीत उर्दूतून अर्ज लिहीत. 'बाअदब गुजारिश है के' अशी सुरुवात, 'ऐन नवाजिश होगी' असा शेवट, आणि सहीच्या जागी 'फिदवी', म्हणजे जीव ओवाळून टाकणारा सेवक. आपण मराठीत रोज वापरतो तो 'अर्ज' हा शब्दसुद्धा अरबीतून फारसीच्या वाटेने आपल्याकडे आलेला आहे. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामी राजवट संपली, पुढे कचेऱ्यांतली उर्दू मागे पडून इंग्रजी आली, आणि अण्णांनी 'बाअदब गुजारिश'च्या जागी 'विथ ड्यू रिस्पेक्ट आय बेग टू स्टेट' लिहायला सुरुवात केली. ते म्हणत, "कपडे बदलले, माणूस तोच."

अण्णांचे अर्ज मी पाहिले आहेत. बदलीचा अर्ज असो की नळाच्या तक्रारीचा, पहिल्या ओळीचा कुर्निसात आटोपला की दुसऱ्या ओळीपासून आकडे आणि तारखा. 'अमुक तारखेपासून नळाला पाणी नाही, अमुक तारखेला येऊन सांगितले, तेरा माणसांचे कुटुंब आहे, मंगळवारपर्यंत माणूस पाठवावा.' मायना त्यांना पाठ होता, पण मजकूर मात्र दर वेळी नवा असे. आमची पिढी मायना शिकली आणि मजकूर विसरली. हा दोष इंग्रजीचा नाही. तो शिकवणाऱ्यांचा आहे, आणि त्यात मी आलेच.

आता मुलांसाठी थोडे व्याकरण, कारण शाळेच्या अंकात इंग्रजीच्या बाईंनी लिहायचे आणि चुका दाखवायच्या नाहीत, हे शोभत नाही.

'आय बेग टू स्टेट दॅट' यातला 'दॅट' हा दरवाजा आहे. त्याच्या पलीकडे एक पूर्ण वाक्य उभे राहिले पाहिजे, कर्त्यासह आणि क्रियापदासह. मुले लिहितात: 'आय बेग टू स्टेट दॅट अ‍ॅज आय अ‍ॅम सफरिंग फ्रॉम फीव्हर.' आणि पूर्णविराम! 'मला ताप आल्यामुळे' एवढे म्हणून गप्प बसल्यासारखे झाले हे. 'अ‍ॅज' लिहिले तर त्याचा परिणामही लिहावा लागतो; नाहीतर 'अ‍ॅज' काढून टाकावा. दुसरी चूक 'आय बेग टू स्टेट यू दॅट' ही. 'स्टेट'पुढे 'यू' बसत नाही. 'यू' हवाच असेल तर 'आय बेग टू इन्फॉर्म यू दॅट' असे लिहावे. तिसरी चूक 'आय अ‍ॅम बेगिंग टू स्टेट'. असे लिहिले की तो शिष्टाचार राहत नाही, खरोखरच याचना वाटू लागते. वकिली अर्जात स्वतःबद्दल तृतीय पुरुषी लिहितात, तेव्हा 'द पेटिशनर बेग्स टू स्टेट' होते, तिथला 'स' विसरू नये. आणि दोन दिवसांपासून ताप असेल तर 'सिन्स टू डेज' नव्हे, 'फॉर टू डेज'. 'सिन्स' लावायचा तो 'सिन्स मंडे'ला.

म्हणजे शुद्ध वाक्य असे होईल: 'आय बेग टू स्टेट दॅट आय हॅव हॅड फीव्हर फॉर टू डेज अँड कॅनॉट कम टू स्कूल टुडे.' यातले पहिले चार-पाच शब्द काढून पाहा. 'आय हॅव हॅड फीव्हर फॉर टू डेज अँड कॅनॉट कम टू स्कूल टुडे.' अर्थ तसूभरही कमी झाला नाही. आता उलट करा, पहिले शब्द ठेवा आणि पुढचे काढा. 'आय बेग टू स्टेट दॅट...' हातात काहीच उरले नाही. या वाक्प्रयोगाबद्दल मी मुलांना इतकेच सांगते: तो वापरलात तरी चालेल, पण 'दॅट'च्या पुढे तुमचे स्वतःचे, खरे वाक्य हवे.

हे मला आज कळते आहे. तेव्हा कळले नव्हते, आणि त्याची किंमत मी नव्हे, एका मुलीने मोजली. ती गोष्ट सांगितल्याशिवाय मला हा लेख लिहिण्याचा अधिकार नाही.

साधारण चाळीस वर्षे झाली असतील. मी तेव्हा दुसऱ्या एका शाळेत होते, शाळेचे नाव सांगण्याचे कारण नाही. नियम असा होता की रजेचा अर्ज इंग्रजीतच द्यायचा, म्हणजे मुलांना सराव होईल. नियम माझ्याच आग्रहाने झाला होता. सातवीत एक मुलगी होती. शांत, अक्षर देखणे. त्या वर्षी जून ते दिवाळी तिने सहा-सात वेळा रजेचे अर्ज दिले. प्रत्येक अर्जात ताप. प्रत्येक अर्जात 'सिन्स टू डेज' किंवा 'सिन्स थ्री डेज'. आणि प्रत्येक वेळी मी लाल शाईने 'सिन्स' खोडून 'फॉर' केले आणि खाली सही केली. सहावा की सातवा अर्ज आला तेव्हा त्यात 'फॉर' बरोबर लिहिलेला होता. मला समाधान वाटले. मुलीची प्रगती झाली असे मी वर्गात सांगितलेही.

दिवाळीनंतर ती शाळेत आली नाही. नाव कमी झाले. वर्गात साठ मुले, एक नाव कमी झाले तर त्या काळी कोणी फारशी चौकशी करत नसे. मीही केली नाही.

पुष्कळ वर्षांनी सुलतान बाजारात एका बाईने मला वाकून नमस्कार केला. तीच. दोन मुले बरोबर होती. बोलता बोलता कळले की त्या वर्षी तिची आई अंथरुणाला खिळली होती. धाकटा भाऊ दोन वर्षांचा. वडील सकाळी कामावर जात ते रात्री परत येत. ज्या दिवशी शेजारची आजी भावाला सांभाळायला येई, त्या दिवशी ही शाळेत येई. आजी आली नाही की हिला 'ताप' येई. मी म्हटले, "अगं, मग तसं का नाही लिहिलंस अर्जात?"

ती सहज म्हणाली, "बाई, मला फक्त तापाचंच इंग्रजी येत होतं."

"मग मराठीत लिहायचंस."

"मराठीतला अर्ज चालत नव्हता ना बाई."

तिच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणून मला जास्त लागले. त्या शाळेत गरजू मुलांसाठी निधी होता. दुपारच्या पाळीचे वर्ग होते, तिची पाळी बदलून देता आली असती. शेजारच्या गल्लीतच आमच्या एक सहशिक्षिका राहत होत्या. मदतीचे चार मार्ग होते आणि ते सगळे माझ्या टेबलापासून हाकेच्या अंतरावर होते. पण माझ्या टेबलावर जो कागद येत होता त्यावर ताप लिहिलेला होता, आणि मी त्या कागदावरचे शब्दयोगी अव्यय दुरुस्त करत होते.

मी तिला 'आय बेग टू स्टेट' शिकवले, पण 'स्टेट' करायला शिकवले नाही. तिला काय सांगायचे आहे, हे मी विचारलेच नाही.

हा प्रकार फक्त मुलांच्याच बाबतीत होतो असे नाही. आता पालकांना आणि विश्वस्तांना उद्देशून दोन शब्द. काही वर्षे मी शुल्क सवलतीचे अर्ज वाचणाऱ्या समितीत होते. त्यात एक वाक्य हटकून असे: 'काइंडली डू द नीडफुल.' हा त्याच घराण्यातला वाक्प्रयोग. इंग्लंडात तो विसाव्या शतकात मागे पडला, आपल्याकडे मात्र कचेऱ्यांत अजून ठणठणीत आहे. 'योग्य ते करावे', बस्स! पण योग्य ते म्हणजे काय? पूर्ण फी माफ हवी, अर्धी हवी, की मुदत हवी? कशासाठी? किती दिवस? अर्जात काहीच नाही. 'आय अ‍ॅम अ पुअर मॅन, काइंडली डू द नीडफुल.' अशा अर्जावर समिती काय ठरवणार? तो बाजूला ठेवला जाई, पुन्हा बोलावणे जाई, त्या माणसाचा आणखी एक दिवसाचा रोजगार बुडे.

त्याच गठ्ठ्यात एकदा एका आईने वहीच्या पानावर मराठीत लिहिलेला अर्ज आला होता. त्याचा आशय माझ्या आठवणीत असा आहे: 'माझे यजमान ऑटो चालवतात. जूनमध्ये अपघात झाला. तीन महिने ऑटो बंद आहे. दोन मुली आपल्या शाळेत आहेत. पहिल्या सहामाहीची फी दिवाळीनंतर दोन हप्त्यांत भरू द्यावी, ही विनंती.' पाच-सहा वाक्ये. समितीला पाच मिनिटेही लागली नाहीत. त्या बाईंनी दिवाळीनंतर फी भरलीही. तिच्या अर्जात लाचारी नव्हती आणि उद्धटपणाही नव्हता. काय झाले आणि काय हवे, दोन्ही सांगितले होते.

ज्यांच्याकडून आपण हा मायना घेतला, त्यांनी तो केव्हाच उतरवून ठेवला. ब्रिटिश अर्थखात्याने सर अर्नेस्ट गॉवर्स यांच्याकडून आपल्या कारकुनांसाठी सोप्या भाषेचे एक पुस्तक लिहवून घेतले. 'प्लेन वर्ड्स' हे त्याचे नाव, आणि साल १९४८. इकडे आपले अण्णा 'आय बेग टू स्टेट' घोटत होते, त्याच वर्षी तिकडे साहेब आपल्या कारकुनांना सांगत होता की लोकांना कळेल असे, साधे आणि नेमके लिहा!

आणि आपल्या देशातही हे धडे आहेत. २ मार्च १९३० रोजी महात्मा गांधींनी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांना साबरमतीहून पत्र लिहिले. साऱ्या हिंदुस्थानचा सत्ताधीश तो, त्याला बापूंनी संबोधले 'डिअर फ्रेंड'. पुढे मिठावरचा कर, शेतसारा, खुद्द व्हाइसरॉयचा पगार यांचा हिशेब मांडला आणि आपण कायदा मोडणार आहोत हे आगाऊ कळवले. दहा दिवसांनी, १२ मार्चला, दांडीयात्रा निघाली. त्या पत्रात सौजन्य भरपूर आहे. आपल्या मुलांना एकच इंग्रजी पत्र नमुना म्हणून दाखवायचे झाले, तर मी ते दाखवीन.

२००५ सालच्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्याने तर ही गोष्ट नियमातच बसवली. सहाव्या कलमाप्रमाणे अर्ज इंग्रजीत, हिंदीत किंवा त्या भागाच्या राजभाषेत देता येतो. माहिती का हवी याचे कारण सांगावे लागत नाही. आणि ज्याला लिहिता येत नाही, त्याचे म्हणणे लिहून घ्यायला मदत करणे हे अधिकाऱ्याचे कर्तव्य ठरवले आहे. अर्ज लिहिणारा हा कोणाचा 'फिदवी' नाही, तो नागरिक आहे, हे कायद्याने मान्य केले. मग शाळेने मान्य करायला काय हरकत आहे?

यावर दोन आक्षेप येतील, ते मला ठाऊक आहेत. पहिला पालकांचा: "बाई, परीक्षेत नमुन्याप्रमाणे लिहिले नाही तर मार्क जातात." खरे आहे. परीक्षेसाठी मांडणी जरूर शिकवावी: पत्ता कोठे, विषय कोठे, सही कोठे. ती मांडणी उपयोगाचीच आहे. पण मांडणी आणि मजकूर या दोन वेगळ्या वस्तू आहेत. नमुन्यातला ताप पाठ करणाऱ्या मुलापेक्षा मावशीचे लग्न स्वतःच्या तीन वाक्यांत लिहिणाऱ्या मुलाला जास्त इंग्रजी येते, हे परीक्षकालाही कळते.

दुसरा आक्षेप आपल्या ज्येष्ठ मंडळींचा: "मायना काढला तर मुलांत आदर राहील का?" याचा मी खूप विचार केला आहे. आदर हवाच. 'आदरणीय बाई' किंवा 'माननीय मुख्याध्यापक यांस सादर नमस्कार' लिहिण्यात कोणाचाही कमीपणा होत नाही. पण खोटे कारण आदराने लिहिलेले असले तरी ते खोटेच. मुख्याध्यापकांचा खरा मान कशात आहे? मुलगा त्यांच्यापुढे खरे कारण न भिता ठेवू शकतो, यातच. जो मुलगा 'बेग' लिहितो पण खरे लिहायला घाबरतो, त्याच्या मनात आदर नाही, धाक आहे.

तेव्हा माझ्या तीन सूचना आहेत. विश्वस्तांनी आणि मुख्याध्यापकांनी त्यांचा विचार करावा.

एक, रजेचा अर्ज मराठीत, हिंदीत, तेलुगूत किंवा इंग्रजीत, मुलाला किंवा पालकाला ज्या भाषेत खरे सांगता येईल त्या भाषेत स्वीकारावा. इंग्रजीचा सराव वर्गात करून घेऊ. त्यासाठी मी आहे, आणि इतरही आहेत. ही मराठी माणसांनी परमुलखात पै पै जमवून उभी केलेली शाळा आहे. इथे तरी मुलाला मराठीतून 'आई आजारी आहे' असे लिहिता आले पाहिजे.

दोन, आठवीपासून मुलांना 'आय बेग टू स्टेट' जरूर शिकवावे, पण त्याच्या इतिहासासकट. मोडीतले 'विज्ञापना', अण्णांच्या पिढीचे 'बाअदब गुजारिश' आणि इंग्रजीतले 'बेग' अशी तिन्ही एका फळ्यावर लिहून दाखवावीत. आजी-आजोबांच्या पेटीत असे जुने अर्ज असतील, तर पालकांनी त्यांच्या प्रती शाळेला द्याव्यात. मुलांना गंमत वाटेल, आणि कोणता पोशाख कोणत्या काळचा होता हेही कळेल. जुने कागद पुढे वाचताना हे ज्ञान कामी येईल.

तीन, आणि ही सर्वांत महत्त्वाची. वर्गशिक्षकांनी सही करण्यापूर्वी मुलाला एक प्रश्न विचारावा: "काय झालं होतं?" बस्, एवढेच. एका मुलामागे अर्धे मिनिट. एकाच महिन्यात तिसऱ्यांदा ताप आला असेल, तर पालकांना निरोप द्यावा. व्याकरण त्यानंतर तपासावे.

त्या नांदेडच्या पाहुण्याचे पुढे काय झाले, ते सांगून थांबते. मी त्याला म्हटले, आता मावशीच्या लग्नाचा अर्ज लिही, पण 'बेग' लिहायचे नाही आणि ताप आणायचा नाही. बराच वेळ पेन्सिल चावून त्याने लिहिले: 'माय आंट गॉट मॅरीड इन नांदेड ऑन फ्रायडे. आय वेंट विथ माय फॅमिली. आय मिस्ड मॅथ्स. प्लीज टेल मी हाऊ टू लर्न इट.' शेवटचे वाक्य मी त्याला सुचवले नव्हते. ते वाचून मी गणिताच्या शिक्षकांकडे गेले, आणि त्यांनी त्याच दिवशी मधल्या सुट्टीत त्याला बुडालेला धडा शिकवला. तापाच्या अर्जाने त्याला रजा मिळाली होती. खऱ्या अर्जाने गणित मिळाले.

सुलतान बाजारात भेटलेल्या माझ्या विद्यार्थिनीला असे काही देणे मला जमले नाही. आपल्या वर्गात आज तशी एखादी मुलगी बसलेली असेल, तर तिचा पुढचा अर्ज आपण नीट वाचू या.

कळावे, लोभ असावा, ही विनंती.

— एक निवृत्त शिक्षिका